चौथी जागा

साखळी स्पर्धेत पहिल्या क्रमांकावरून क्वचितच वाद होतात. वाद होतात ते चौथ्या जागेवरून. आठ-दहा संघ एकमेकांशी खेळतात. जिंकणाऱ्याला दोन गुण मिळतात, पावसाने सामना धुतला तर दोघांना एकेक, आणि शेवटी पहिले चार संघ पुढे जातात. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात वरच्या एक-दोन संघांचं स्थान पक्कं झालेलं असतं, तळाचे एक-दोन बाहेर पडलेले असतात आणि मधले चार-पाच संघ उरलेल्या एका जागेसाठी झुंजत असतात. त्या दिवसांत हार्बर लाइनच्या डब्यात, वाशीच्या बाजारातल्या गाळ्यांवर आणि सीवूड्सच्या सोसायट्यांच्या कट्ट्यावर सगळ्यांची आकडेमोड सुरू असते. अमुक हरला, तमुक मोठ्या फरकाने जिंकला आणि तिसऱ्याचा सामना पावसात गेला, तर आपण आत.

याच दिवसांत आणखी एक वाद तापतो. पंचांवर डोळे वटारले, बाद झाल्यावर यष्ट्यांवर बॅट आपटली, गोलंदाजाने चेंडू न टाकता समोरच्या फलंदाजाला धावबाद केलं, यातलं कोणतं वागणं खेळाचा भाग आणि कोणतं रडीचा डाव? एप्रिलमध्ये ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं, तिच्यावर मेमध्ये भांडणं होतात, कारण मेमध्ये तिची किंमत गुणतक्त्यात दिसू लागलेली असते. हे दोन वाद वेगळे काढून चालत नाही. क्रिकेटपुरतं बोलायचं, तर ते एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे पाहायला नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमइतकी सोयीची दुसरी जागा नाही.

सायन-पनवेल महामार्गालगतचं हे मैदान ४ मार्च २००८ रोजी खुलं झालं. आराखडा हफीझ काँट्रॅक्टर यांचा. प्रेक्षकांच्या आणि खेळाच्या मध्ये एकही खांब येत नाही, हे या बांधणीचं वैशिष्ट्य. खुलं झाल्यावर तीन महिन्यांत, १ जून २००८ रोजी, आयपीएलचा पहिला अंतिम सामना इथे झाला. साखळीत २२ गुण मिळवून अव्वल आलेल्या राजस्थान रॉयल्सने चेन्नई सुपर किंग्जला शेवटच्या चेंडूवर हरवलं.

पण त्या हंगामाची खरी गोष्ट मुंबईकरांना आठवते ती वेगळी. २५ एप्रिल २००८ रोजी मोहालीत मुंबई इंडियन्स पंजाबविरुद्ध हरली. सामन्यानंतर हस्तांदोलनाच्या वेळी मुंबईचा प्रभारी कर्णधार हरभजन सिंगने एस. श्रीशांतच्या थोबाडीत मारली. सचिन तेंडुलकर दुखापतीमुळे बाहेर होता, म्हणून कर्णधारपद हरभजनकडे होतं. सामनाधिकारी फारूख इंजिनीयर यांनी सुनावणी घेऊन त्याच्यावर ११ सामन्यांची, म्हणजे उरलेल्या संपूर्ण हंगामाची बंदी घातली. शेजारी असूनही हस्तक्षेप न केल्याबद्दल प्रशिक्षक लालचंद राजपूत यांच्या मानधनातूनही निम्मी रक्कम कापली गेली. हरभजनविना पहिला सामना मुंबईने दोनच दिवसांनी, २७ एप्रिलला, नेरूळच्याच मैदानावर खेळला. डेक्कन चार्जर्सच्या अॅडम गिलख्रिस्टने ४७ चेंडूंत नाबाद १०९ धावा केल्या आणि मुंबई १० गडी राखून हरली. हा सलग चौथा पराभव होता.

त्यानंतर मुंबईने सलग सहा सामने जिंकले आणि लागोपाठ तीन अटीतटीच्या टप्प्यांवर पाय घसरले. पंजाबविरुद्ध एका धावेने हार, मग दिल्लीविरुद्ध, मग जयपूरला राजस्थानविरुद्ध शेवटच्या चेंडूवर. हंगाम संपला तेव्हा मुंबईचे १४ गुण होते. चौथ्या जागेवर दिल्ली डेअरडेव्हिल्स १५ गुणांनी गेली. दोन्ही संघांनी सातच सामने जिंकले होते. दिल्लीचा जादा गुण कोलकात्यात वाहून गेलेल्या सामन्याचा होता. म्हणजे मुंबईला बाहेर ठेवलं ते पावसाच्या एका गुणाने. पण अकरा सामने प्रमुख फिरकीपटूविना खेळणाऱ्या संघाला तो एक गुण कुठेच मिळवता आला नसता का, हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षं मुंबईच्या चाहत्यांना सुटला नाही. एका थपडेची किंमत गुणांत नेमकी मोजता येत नाही. तरी एका गुणाने हुकलेल्या संघाने ती मोजायला नकार देणंही बरं नाही.

गुण समान झाले की निर्णय बहुतेक वेळा निव्वळ धावगतीवर जातो. लोक तिला नेट रनरेट म्हणतात, आणि तिच्याबद्दल जितके गैरसमज आहेत तितके क्रिकेटच्या दुसऱ्या कुठल्याच आकड्याबद्दल नसतील. पद्धत सरळ आहे. संघाने संपूर्ण स्पर्धेत काढलेल्या धावांना खेळलेल्या षटकांनी भागायचं, विरोधकांना दिलेल्या धावांना टाकलेल्या षटकांनी भागायचं आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. एक खुबी लक्षात ठेवावी लागते. संघ पंधराव्या षटकात सर्वबाद झाला, तरी भागाकारात पूर्ण २० षटकं धरली जातात. त्यामुळे लवकर गारद होणाऱ्याला षटकं वाचवल्याचा फायदा मिळत नाही.

या गणिताची ताकद नेरूळने महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात पाहिली. २०२३ मध्ये ही स्पर्धा नेरूळ आणि चर्चगेटच्या ब्रेबॉर्न या दोनच मैदानांवर झाली. अव्वल संघ थेट अंतिम सामन्यात, दुसऱ्या-तिसऱ्यात एलिमिनेटर, अशी रचना होती. हरमनप्रीत कौरच्या मुंबई इंडियन्सने पहिले पाचही सामने जिंकले होते. पहिलं स्थान त्यांचंच, असं सगळे धरून चालले होते. २० मार्चला नेरूळला मुंबईने दिल्ली कॅपिटल्सविरुद्ध २० षटकांत ८ बाद १०९ धावा केल्या. दिल्लीने ते लक्ष्य फक्त ९ षटकांत गाठलं. मुंबईची गती षटकामागे ५.४५, दिल्लीची १२.२२. एका सामन्यात पावणेसात धावांहून जास्त फरक पडला. दुसऱ्या दिवशी साखळी संपली, दोन्ही संघ १२ गुणांवर राहिले आणि धावगतीच्या जोरावर दिल्ली थेट अंतिम फेरीत गेली. मुंबईला एक सामना जास्त खेळावा लागला. २४ मार्चला नेरूळलाच यूपी वॉरियर्झला ७२ धावांनी हरवून, त्यात इसी वाँगने स्पर्धेतली पहिली हॅटट्रिक घेऊन, मुंबई पुढे गेली आणि दोन दिवसांनी ब्रेबॉर्नवर दिल्लीलाच हरवून विजेती ठरली.

निव्वळ धावगती अन्यायकारक आहे, अशी तक्रार दर मे महिन्यात ऐकू येते. दोघांत झालेला सामना ज्याने जिंकला त्याला वर ठेवा, हा पर्याय नेहमी सुचवला जातो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तसंच आहे. तिथे प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. पूर्वी शेवटी दोन संघ बरोबरीत आले की त्यांच्यात आणखी एक सामना होई. २०२२ पासून तो बंद झाला आणि परस्परांतल्या सामन्यांचा निकाल पाहिला जाऊ लागला. एवढ्या लांब हंगामात हे शोभतं. पण २०१० च्या आयपीएलमध्ये चेन्नई, बेंगळुरू, दिल्ली आणि कोलकाता हे चार संघ १४ गुणांवर अडकले होते आणि जागा दोनच होत्या. अशा वेळी परस्परांच्या सामन्यांचं कोडं घालत बसण्यापेक्षा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असलेला एक आकडा बरा. चेन्नई आणि बेंगळुरू आत गेले. उपांत्य सामने बेंगळुरूला व्हायचे होते, पण १७ एप्रिलला तिथल्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर स्फोट झाले आणि दोन्ही सामने नेरूळला हलवले गेले. २५ एप्रिलच्या अंतिम सामन्यात, साखळीत २० गुणांनी पहिल्या आलेल्या मुंबईला, धावगतीवर तिसऱ्या आलेल्या चेन्नईने २२ धावांनी हरवलं. महेंद्रसिंह धोनीने गोलंदाजाच्या मागे, जवळजवळ सरळ रेषेत, मॅथ्यू हेडनला उभं केलं आणि कायरन पोलार्डचा फटका नेमका त्याच्या हातात गेला, हे दृश्य मुंबईकर आजही विसरलेले नाहीत.

शेवटच्या आठवड्याचा ताण सगळ्यात दाट दिसला तो २०२२ मध्ये. करोनामुळे साखळीचे सत्तरही सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथेच झाले. त्यातले वीस नेरूळच्या वाट्याला आले. १८ मे रोजी इथे लखनौ सुपर जायंट्सने एकही गडी न गमावता २१० धावा केल्या. क्विंटन डी कॉक १४० वर नाबाद राहिला. कोलकात्याला जिंकणं भाग होतं, नाहीतर हंगाम संपला. शेवटच्या षटकात २१ धावा हव्या होत्या. रिंकू सिंगने चौकार, षटकार, षटकार आणि दोन धावा काढल्या. दोन चेंडूंत तीन धावा उरल्या असताना त्याचा फटका हवेत गेला. एव्हिन लुईसने धावत येऊन एका हाताने झेल घेतला. पुढच्या चेंडूवर उमेश यादवचा त्रिफळा उडाला. लखनौ दोन धावांनी जिंकून आत गेली आणि कोलकाता बाहेर पडली.

तीन दिवसांनी वानखेडेवर त्याहून विचित्र प्रसंग आला. मुंबई इंडियन्स आधीच तळाला होती. तिचा शेवटचा सामना दिल्लीशी होता. दिल्ली जिंकली तर चौथी जागा तिची, हरली तर बेंगळुरूची. बेंगळुरूचे चाहते त्या दिवसापुरते मुंबईचे झाले. टिम डेव्हिडच्या बॅटला पहिल्याच चेंडूवर कड लागली होती, पण पंचांनी नाबाद दिलं आणि दिल्लीचा कर्णधार ऋषभ पंतने तिसऱ्या पंचांकडे दाद मागितली नाही. डेव्हिडने ११ चेंडूंत ३४ धावा केल्या आणि मुंबई जिंकली. बेंगळुरू १६ गुणांनी आत गेली. तिची धावगती उणे होती. दिल्ली १४ वर थांबली. तिची धावगती अधिक होती. म्हणजे दिल्लीला आणखी एकच विजय मिळाला असता, तर तीच पुढे गेली असती.

तो एक विजय कुठे निसटला, यावर दिल्लीच्या चाहत्यांनी बोट ठेवलं ते महिन्याभरापूर्वीच्या एका षटकावर. २२ एप्रिलला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध शेवटच्या षटकात ३६ धावा हव्या असताना रोव्हमन पॉवेलने पहिले तिन्ही चेंडू सीमेपार भिरकावले. तिसरा चेंडू कमरेच्या वर आलेला फुलटॉस होता असं दिल्लीच्या तंबूला वाटलं. पंचांनी नो-बॉल दिला नाही आणि त्या वेळच्या नियमात त्याची दादही मागता येत नव्हती. पंतने सीमारेषेवरून फलंदाजांना परत येण्याची खूण केली. सहायक प्रशिक्षक प्रवीण आमरे थेट मैदानात गेले. खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला आणि दिल्ली १५ धावांनी हरली. पंत आणि आमरे यांना सामन्याच्या मानधनाइतका दंड झाला, आमरे यांच्यावर एका सामन्याची बंदीही आली, आणि दिल्लीच्याच शार्दुल ठाकूरचं निम्मं मानधन गेलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. तो चेंडू नो-बॉल होता की नाही, यावर जाणकारांचं दुमत होऊ शकतं. प्रशिक्षकाने खेळ चालू असताना मैदानात जाणं चुकीचं होतं, यावर होऊ नये. आमरे हे आचरेकर सरांच्या तालमीत घडलेले, कसोटी पदार्पणातच १९९२ मध्ये दरबानला शतक ठोकणारे फलंदाज. शिवाजी पार्कच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाचाही तोल गुणतक्त्याच्या दडपणाखाली जातो, हे त्या षटकाने दाखवलं. चांगलं हे झालं की पुढच्याच वर्षी, आधी महिला प्रीमियर लीगमध्ये आणि मग आयपीएलमध्ये, वाइड आणि नो-बॉलच्या निर्णयांवर दाद मागण्याची सोय आली. तक्रार खरी असेल तर ती नियमात उतरते, पण ती उतरायला मैदानात घुसावं लागत नाही.

क्रिकेटमध्ये गैरवर्तनाला शिक्षा करण्याची पद्धत आता बरीच आखीव आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये गुन्ह्याच्या चार पायऱ्या आहेत. पंचाच्या निर्णयावर नाराजी दाखवणं, अपशब्द वापरणं अशा पहिल्या पायरीच्या गुन्ह्याला ताकिदीपासून निम्म्या मानधनाच्या दंडापर्यंत शिक्षा होते आणि एक किंवा दोन दोषगुण नावावर चढतात. दुसऱ्या पायरीला तीन किंवा चार. २४ महिन्यांत चार दोषगुण झाले की खेळाडूला सामने चुकवावे लागतात. मुदत संपली की ते पुसले जातात. आयपीएलनेही २०२५ पासून दोषगुणांची अशीच रीत स्वीकारली.

शिक्षा हंगाम ओलांडूनही पोहोचू शकते. मुंबई इंडियन्सने १७ मे २०२४ रोजी लखनौविरुद्ध हंगामातला शेवटचा सामना खेळला तेव्हा ती तळाला होती. त्या सामन्याला मुंबईपुरता काही अर्थ उरला नव्हता. पण षटकं वेळेत न टाकण्याची ही तिसरी खेप होती, म्हणून कर्णधार हार्दिक पंड्यावर एका सामन्याची बंदी आली, आणि ती भोगावी लागली पुढच्या वर्षी २३ मार्चला चेन्नईविरुद्धच्या सलामीला. त्याच २०२४ च्या हंगामात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झालेल्या हार्दिकची वानखेडेवर प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली की १ एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. खेळाडूंसाठी आचारसंहिता आहे, प्रेक्षकांसाठी तिकिटामागच्या चार ओळींपलीकडे काही नाही. मांजरेकर त्या दिवशी बोलले ते योग्यच होतं, आणि मुंबईच्या प्रेक्षकाला हे सांगावं लागलं ही वाईट वाटण्याजोगी गोष्ट होती.

चाहत्यांत सगळ्यात जास्त फूट पाडणारा प्रश्न दंडाचा नाही, तर कायद्यात बसणाऱ्या पण अनेकांच्या मनाला न पटणाऱ्या एका कृतीचा आहे. गोलंदाज धावत येतो, समोरचा फलंदाज चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून पुढे सरकतो आणि गोलंदाज थांबून बेल्स उडवतो. १९४७ च्या डिसेंबरमध्ये सिडनीत विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असं बाद केलं आणि त्यांच्या आडनावाचंच क्रियापद झालं. मंकड यांची काही चूक नव्हती, असं खुद्द डॉन ब्रॅडमन यांनी लिहून ठेवलं आहे. या कृतीला मंकड यांचं नाव चिकटवण्याला सुनील गावसकर सातत्याने विरोध करत आले आहेत. २४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सवर, इंग्लंडला जिंकायला १७ धावा हव्या असताना, दीप्ती शर्माने शार्लट डीनला असंच धावबाद केलं आणि जगभर वाद पेटला. आठवड्याभरात, १ ऑक्टोबरपासून, क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या नव्या नियमावलीत ही तरतूद अनुचित खेळाच्या कलमातून काढून धावबादच्या कलमात गेली. तो बदल आधीच जाहीर झालेला होता. त्यानंतर तरी याला रडीचा डाव म्हणण्याला आधार उरलेला नाही. पुढे सरकून धाव चोरणारा फलंदाज सज्जन आणि त्याला पकडणारा गोलंदाज दुर्जन, हा हिशेबच उफराटा आहे.

तरीही अपील मागे घेण्याचा अधिकार कर्णधाराकडे राहतो, आणि तो कधी वापरायचा हे त्याने ठरवायचं असतं. २७ मे २०२५ रोजी लखनौत बेंगळुरूला २२८ धावांचा पाठलाग करायचा होता. जिंकल्यास बेंगळुरू पहिल्या दोनांत, म्हणजे अंतिम फेरीसाठी दोन संधी. हरल्यास तिसरी जागा आणि एकच संधी. अमरावतीचा जितेश शर्मा फटके मारत असताना लखनौच्या दिग्वेश राठीने त्याला समोरच्या टोकाला धावबाद करायचा प्रयत्न केला. राठी त्याच महिन्यात दोषगुणांमुळे एक सामना बाहेर बसला होता. बाद झालेल्या फलंदाजाचं नाव वहीत लिहिल्यासारखी खूण करणं त्याला महागात पडलं होतं. चेंडू टाकण्याची हालचाल पूर्ण झाली होती म्हणून तिसऱ्या पंचांनी जितेशला नाबाद ठरवलं. पण लखनौच्या कर्णधाराने अपीलही मागे घेतलं आणि जितेशने त्याला मिठी मारली. हा कर्णधार ऋषभ पंत होता, तीन वर्षांपूर्वी वानखेडेवर फलंदाजांना परत बोलावणारा. जितेश ३३ चेंडूंत ८५ धावांवर नाबाद राहिला. बेंगळुरू जिंकली, दुसरी आली आणि ३ जूनला पहिल्यांदाच विजेती झाली. लखनौ आधीच बाहेर पडली होती, त्यामुळे पंतचं औदार्य स्वस्त होतं, असं काही जण म्हणाले. तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण माणूस तीन वर्षांत बदलू शकतो, हेही तितकंच खरं.

बेसबॉलचे चाहते याच प्रश्नांशी आपल्या परीने झगडतात. तिथे फलंदाजाने षटकारासारखा होमरन मारून बॅट भिरकावली, तर अनेकांना तो गोलंदाजाचा अपमान वाटतो. १४ ऑक्टोबर २०१५ रोजी टोरांटोच्या होसे बाउतिस्ताने टेक्सासविरुद्ध बाद फेरीच्या निर्णायक सामन्यात अशी बॅट फेकली. सात महिन्यांनी, १५ मे २०१६ रोजी, टेक्सासच्या रुग्नेड ओडोरने मैदानातच त्याच्या जबड्यावर ठोसा मारला आणि दोन्ही संघ राखीव खेळाडूंसह मैदानात उतरून एकमेकांना भिडले. बेसबॉलमध्ये अलिखित नियमांचा मान मोठा आहे. पण अलिखित नियमाची अडचण हीच की तो मोडला की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं असतं. क्रिकेटने दोषगुणांचा मार्ग धरला तो या दृष्टीने शहाणपणाचा आहे.

त्या मार्गाची सगळ्यात मोठी परीक्षा भारताच्या कर्णधारालाच द्यावी लागली. २२ जुलै २०२३ रोजी ढाक्यात बांगलादेशविरुद्ध बाद दिल्यावर हरमनप्रीत कौरने यष्ट्यांवर बॅट आपटली आणि नंतर बक्षीस समारंभात पंचांवर जाहीर टीका केली. दोन गुन्ह्यांचे मिळून चार दोषगुण झाले. मानधनाच्या तीन चतुर्थांश रकमेचा दंड आणि दोन सामन्यांची बंदी. तिला हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामना बाहेर बसून पाहावा लागला. सांगलीच्या स्मृती मानधनाने संघ सांभाळला आणि अंतिम सामन्याला हरमनप्रीत परतली. भारताने सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी ढाक्यात तिचं वागणं चुकलंच होतं. शिक्षा कडक होती आणि ती भोगून संपली.

दोन वर्षांनी तीच कर्णधार नेरूळला आली. २०२५ च्या महिला विश्वचषकाचे बेंगळुरूचे सामने, ४ जूनला आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेल्यानंतर, नेरूळला दिले गेले. २०१० नंतर दुसऱ्यांदा बेंगळुरूचं दुःख या मैदानाच्या पदरात सामने टाकून गेलं.

आठ संघांची साखळी, पुढे चार. भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून सलग तीन सामने हरला होता. इंग्लंडविरुद्धचा पराभव तर चार धावांचा. वरच्या तीन जागा गेल्या होत्या, उरली ती चौथी. २० ऑक्टोबरला नेरूळला श्रीलंकेविरुद्ध बांगलादेशला शेवटच्या षटकात ९ धावा हव्या होत्या. चमारी अटापट्टूच्या पहिल्या चार चेंडूंवर चार गडी पडले, बांगलादेश सात धावांनी हरला आणि स्पर्धेतून बाहेर गेला. तीन दिवसांनी भारत आणि न्यूझीलंड समोरासमोर आले. दोघांचेही पाच सामन्यांत चार गुण. भारताचे दोन विजय, न्यूझीलंडचा एक विजय आणि पावसाचे दोन गुण. स्मृती मानधनाने १०९ आणि प्रतीका रावलने १२२ धावा करत २१२ धावांची सलामी दिली. इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात वगळलेली मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या क्रमांकावर येऊन नाबाद ७६ धावा करून गेली. पावसामुळे न्यूझीलंडला ४४ षटकांत ३२५ धावांचं लक्ष्य मिळालं. भारत ५३ धावांनी जिंकला आणि चौथी जागा पक्की झाली.

२६ तारखेला बांगलादेशविरुद्धचा सामना नेरूळलाच पावसात गेला आणि क्षेत्ररक्षण करताना प्रतीकाचा घोटा दुखावला. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावलं गेलं. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात, साखळीत एकही सामना न हरलेल्या ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. जेमिमाने नाबाद १२७ आणि हरमनप्रीतने ८९ धावा करून भारताला पाच गडी राखून पार नेलं. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला. त्या दिवशी दोन्ही संघांच्या दंडावर काळ्या फिती होत्या. मेलबर्नमध्ये सराव करताना चेंडू लागून गेलेल्या बेन ऑस्टिन या १७ वर्षांच्या मुलासाठी.

२ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात शफालीने ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले. लॉर्ड्सवरच्या त्या धावबादवरून जगभर बोल लावून घेतलेल्या दीप्तीने ५८ धावा आणि ३९ धावांत पाच बळी मिळवले. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्व्हार्ट शतक करूनही एकटी पडली. शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे धावत घेतला. भारत ५२ धावांनी जिंकला. त्यानंतर मैदानावर जे घडलं ते त्या रात्रीच्या वर्तनाबद्दल पुरेसं बोलकं होतं. हरमनप्रीत प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्या पायाशी वाकली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांवर धावा करूनही ज्यांना भारताकडून एकही सामना मिळाला नाही, ते मुंबईचे मुझुमदार. मग चषक आधीच्या पिढीच्या मिताली राज आणि झूलन गोस्वामी यांच्या हातात दिला गेला.

नेरूळच्या मैदानावर आतापर्यंत मोठ्या स्पर्धांचे तीन अंतिम क्रिकेट सामने झाले. २००८ मध्ये साखळीत पहिला आलेला संघ जिंकला, २०१० मध्ये तिसरा, आणि २०२५ मध्ये चौथा. विश्वविजेत्या भारताची साखळीतली नोंद अशी आहे : सामने सात, विजय तीन, पराभव तीन, पावसात गेलेला एक, गुण सात.